छातीतली खुर्ची कार्टूनमध्ये का दिसत नाही?

प्रश्न कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकिंगचे, म्हणजे ओतीव भागांसाठी नमुने घडवण्याचे काम करणाऱ्या एका पालकांचा आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला मामाने परदेशातून एक रोबोट आणून दिला. १९८४ साली बाजारात आलेल्या, गाडीचा रोबोट होणाऱ्या ट्रान्सफॉर्मर्सपैकी एका जुन्या खेळण्याची ही पुन्हा काढलेली आवृत्ती आहे. या रोबोटची छाती उघडते आणि आत एक इवलीशी खुर्ची आहे, गाडीची चाके पाठीवर तशीच लटकलेली दिसतात, अंगभर स्टिकर आहेत आणि खांद्यावर क्षेपणास्त्र बसवायची जागा आहे. मुलाने मोबाईलवर जुने कार्टून शोधून पाहिले, तर तोच रोबोट तिथे अगदी सपाट, चार रंगांचा, खुर्चीशिवाय आणि स्टिकरशिवाय. पालक लिहितात, ‘आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये असलेली एक रिब, म्हणजे उठावाची पट्टी, कास्टिंगमध्ये आली नाही तर अख्खा लॉट परत येतो. या लोकांना हे चालते कसे? हा आळस समजायचा की फसवणूक? आणि पोराला चित्रांची आवड आहे, तर त्याने खेळणे बघून काढावे की कार्टून बघून?’

मी सव्वीस वर्षे ॲनिमेशनमध्ये आहे. सुरुवात मुंबईत काचेखाली दिवा असलेल्या लाईट बॉक्सवर इन-बिटवीनर म्हणून झाली, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरून काढण्याचे काम. पुढे क्लीनअप, म्हणजे कच्च्या रेघा स्वच्छ गिरवणे, मग कॅरेक्टर डिझाइन, आणि गेली काही वर्षे कोल्हापुरात राहून काम करतो आणि मुलांना शिकवतो. खेळण्यावरून पात्र आणि पात्रावरून खेळणे अशी दोन्ही बाजूंची कामे हातून गेली आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. आळस आणि फसवणूक हे दोन्ही आरोप बहुतेक वेळा खरे नसतात. ज्या रेघा गाळल्या जातात त्या कुणीतरी एकेक मोजून, विचार करून गाळलेल्या असतात.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपण पॅटर्नवर एक रिब कोरता तेव्हा तिची मेहनत एकदाच पडते. त्यानंतर त्या पॅटर्नवरून शंभर कास्टिंग निघोत की दहा हजार, ती रिब प्रत्येक नगावर आपोआप येते. प्लास्टिकच्या खेळण्याचेही तसेच आहे. पोलादी साच्यात एकदा खाच पाडली की पुढच्या प्रत्येक खेळण्यावर ती जवळजवळ फुकट मिळते, त्यामुळे खेळण्याचा डिझायनर तपशिलाच्या बाबतीत सढळ हाताने खर्च करू शकतो. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये साचा नसतो. तिथे प्रत्येक नग पुन्हा पहिल्यापासून हाताने घडवावा लागतो, आणि पात्र हलते म्हणून प्रत्येक नगाचा कोनही वेगळा असतो.

हिशोब करून पाहू. चित्रपटाच्या गतीने सेकंदाला २४ फ्रेम जातात. दूरचित्रवाणीच्या कामात एक चित्र सहसा दोन फ्रेमवर धरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. बावीस मिनिटांच्या एका भागात आपला रोबोट फक्त आठ मिनिटे पडद्यावर हलतो असे धरले तरी ८ गुणिले ६० गुणिले १२, म्हणजे ५,७६० चित्रे झाली. आता खेळण्यावरच्या फक्त वीस जादा रेघा आपण कार्टूनमध्ये ठेवायच्या ठरवल्या आणि एका रेघेला सरासरी तीन सेकंद लागले, तर प्रत्येक चित्रामागे एक मिनिट वाढला. ५,७६० मिनिटे म्हणजे ९६ तास, म्हणजे एका माणसाचे आठ तासांचे बारा दिवस, आणि तेही एका पात्रासाठी, एका भागासाठी, फक्त क्लीनअपच्या टेबलावर. जुन्या पद्धतीत यानंतर तीच रेघ सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पातळ पानावर, उतरवावी लागे आणि मग सेलच्या मागच्या बाजूने त्या रेघांमधल्या प्रत्येक कप्प्यात हाताने रंग भरावा लागे. एक रेघ वाढली की बहुधा एक कप्पा वाढतो, आणि कप्पा वाढला की रंगाची आणखी एक बाटली उघडावी लागते, ती वाळण्याची वाट पाहावी लागते. रंग चुकण्याची आणखी एक जागाही तयार होते. त्या काळच्या रोबोटांच्या कार्टूनमध्ये एखाद्या पात्राचा हात अचानक भलत्याच रंगाचा झालेला किंवा छातीवरचे चिन्ह एका दृश्यापुरते गायब झालेले दिसते, त्याचे मूळ याच कप्प्यांच्या गर्दीत आहे.

तपशील ठेवायचाच झाला तर काय पडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या १९६१ च्या चित्रपटाचे आहे. ठिपक्यांच्या कुत्र्यांची गोष्ट, त्यामुळे ठिपके गाळून चालणारच नव्हते. संपूर्ण चित्रपटात ६४,६९,९५२ ठिपके असल्याचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. हे काम आवाक्यात आले त्याचे मोठे कारण असे की चित्रकाराची रेघ झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवण्याची सोय त्यांनी याच सुमारास वापरात आणली आणि हाताने गिरवण्याचा एक अख्खा टप्पा वाचवला. दर आठवड्याला एक भाग देणाऱ्या मालिकेकडे असा वेळही नसतो आणि पैसाही नसतो.

पण खर्च हे अर्धेच कारण आहे. फुकटात मनुष्यबळ मिळाले तरी मी त्या वीस रेघा ठेवणार नाही, आणि याचे कारण मला एका साजाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मराठी लघुमालिकेचे काम आले. त्यात एक आजी होती. मालिकेच्या आधीच तिची बाहुली तयार झालेली होती आणि ती खरोखर देखणी होती: नऊवारी, नथ आणि गळ्यात पूर्ण कोल्हापुरी साज. साजाची एकवीस पाने असतात, त्यात दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरले, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. बाहुली करणाऱ्याने ती एकवीसही पाने बसवली होती. काम देणाऱ्यांचा आग्रह होता की बाहुलीवर आहे ते सगळे पडद्यावर आलेच पाहिजे. मी तरुण होतो, मलाही ते पटले. मी मॉडेल शीटवर, म्हणजे पात्र नेमके कसे दिसावे हे ठरवणाऱ्या चित्रावर, एकवीस पाने काढली, मासा वेगळा, कासव वेगळे, सगळे नीट.

पहिला शॉट साधा होता. आजी जात्यावरून उठते आणि दारात येते. पेन्सिल टेस्ट, म्हणजे रंगवण्याआधीची नुसती पेन्सिलची चित्रे सलग चालवली आणि खोलीत कुणीच काही बोलेना. आजीच्या चेहऱ्याकडे कुणाचे लक्षच जात नव्हते. गळ्यापाशी मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे काहीतरी वळवळत होते. प्रत्येक चित्रात प्रत्येक पान पेन्सिलच्या टोकाइतके इकडे-तिकडे झालेले, आणि सेकंदाला बारा वेळा ती एकवीस पाने आपापली जागा सोडत होती. एका ठिकाणी तर इन-बिटवीन करणाऱ्या मुलाकडून दोन पाने मध्येच कमी झाली होती आणि चार चित्रांनंतर परत आली होती. स्टुडिओत याला रेघ ‘उकळते’ असे म्हणतात. माणसाचा डोळा स्थिर चित्रातला बारकावा कौतुकाने पाहतो, पण हलत्या चित्रात तो आधी थरथर पकडतो, कारण हालचाल टिपणे हेच त्याचे पहिले काम आहे. आजी दारात येऊन रडणार होती आणि प्रेक्षक साज पाहणार होता.

आम्ही साज पुन्हा रचला. लांबच्या शॉटमध्ये गळ्याभोवती सोन्याच्या रंगाची एक वेल आणि खाली लाल ठिपक्याचे डोरले, एवढेच. मध्यम शॉटमध्ये सात पाने, आकार सगळ्यांचा सारखा. फक्त एका प्रसंगात, आजी तो साज नातीच्या हातात ठेवते तेव्हा, पडदाभर क्लोजअपमध्ये एकवीसही पाने, स्थिर रंगवलेली, त्यांच्यावरून हलका प्रकाश सरकतो. मालिका पाहिलेल्या बायकांनी मला नंतर सांगितले की साज अगदी खरा दाखवलात. लांबून नुसती वेल आणि मध्यम शॉटमध्ये सातच पाने होती, हे एकीच्याही लक्षात आले नव्हते.

दूरचित्रवाणीचा जुना पडदाही बारीक रेघेचा शत्रूच होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ आडव्या ओळी, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष चित्राच्या, आणि त्याही एकाच वेळी उमटत नसत. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशा सेकंदाला पन्नास अर्ध्या फेऱ्यांत चित्र पुरे होई. खेळण्याच्या पत्र्यावर कोरलेली एखादी बारीक आडवी रेघ एकाच ओळीत बसली तर ती एका अर्ध्या फेरीत दिसे आणि पुढचीत नसे, म्हणजे ती लुकलुकत राही. अमेरिकेत, जिथे ही कार्टूने मुख्यतः दाखवली जात, ओळी आणखी कमी, ५२५. बारीक चौकटीचा शर्ट घालून कुणी बातम्या द्यायला बसले की शर्टावर लाटा उठत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना रोबोटच्या पायावरची जाळी कार्टूनमधून का गेली हे वेगळे सांगावे लागणार नाही. आजच्या पडद्यांची ही अडचण राहिलेली नाही, पण आजच्या प्रेक्षकाच्या हातातला पडदा तळहाताएवढा झाला आहे, त्यामुळे हिशोब फार बदललेला नाही.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट खरे तर नवी वाटू नये. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले त्याआधी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. नाटकाचा पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी रंगवायचा असतो. जवळ जाऊन पाहिले तर नुसते फराटे दिसतात आणि मागे जाऊन उभे राहिले की त्यातून महाल उभा राहतो. देवघरातल्या तसबिरीइतका बारकावा पडद्यावर घातला असता तर मागच्या रांगेला राखाडी धुके दिसले असते.

आता स्टिकरांकडे येतो, कारण त्यांच्या गळण्यामागे एक वेगळे कारण आहे आणि ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ॲनिमेशनमध्ये चित्र उलटे करून वापरणे ही मोठी बचत असते. पात्र डावीकडे चालत जाताना काढले की तीच चित्रे आरशासारखी फिरवून ते उजवीकडे चालताना वापरता येते. चालण्याचे एक चक्र दोन चक्रांचे काम देते. अट एकच, पात्राच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात. डाव्या खांद्यावर अंक असलेले किंवा एकाच दंडावर चिन्ह असलेले पात्र फिरवले की अंक उलटा होतो आणि चिन्ह दुसऱ्या दंडावर उडी मारते. खेळण्याला ही भीती नसते. उलट एका बाजूला एखादे वेगळे स्टिकर असले की खेळणे जास्त खरे वाटते. म्हणून डिझायनर शीट करताना बाजू सारख्या करतो, अक्षरे काढून टाकतो आणि गटाची ओळख पटवणारे चिन्ह छातीच्या मधोमध आणतो. आमच्या आजीच्या बाबतीत मात्र आम्हाला ही बचत करता आली नाही. तिचा पदर डाव्या खांद्यावर होता, चित्र फिरवले असते तर तो उजव्या खांद्यावर गेला असता, आणि ही चूक आपल्या बायकांनी पहिल्याच दृश्यात पकडली असती. तिच्या चालण्याची सगळी चित्रे आम्ही दोनदा काढली. कोणता तपशील माणसे पाहतात हे ज्याला कळते त्यालाच कोणता गाळावा हे ठरवता येते, असे माझे मत त्या कामानंतर पक्के झाले.

छातीतल्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे. ती रेघांच्या हिशोबात गेलेली नाही. ही खेळणी अमेरिकेत हॅसब्रो या कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स या नावाने १९८४ मध्ये विकायला काढली, पण त्यातल्या बहुतेकांचे साचे त्याआधीच जपानमध्ये तयार होते. टाकारा या जपानी कंपनीच्या डायक्लोन नावाच्या खेळण्यांत हे रोबोट म्हणजे माणसांनी चालवायची यंत्रे होती. त्यांच्यासोबत पायाला लोहचुंबक असलेले बोटभर उंचीचे चालक मिळत, आणि त्यांना बसायला यंत्रात जागा केलेली असे. हॅसब्रोने साचे तसेच वापरले पण कथा बदलली: आता हे रोबोट दुसऱ्या ग्रहावरून आलेले, स्वतः विचार करणारे, बोलणारे, मरणारे जीव झाले. जिवंत माणसाच्या छातीत दुसऱ्या कुणाला बसायची खुर्ची कशी असेल? चालक पाकिटातून गेला, खुर्ची मात्र साच्यात राहिली, कारण पोलादी साचा बदलणे किती खर्चाचे असते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. आपल्या मुलाच्या हातात जे आहे ते एका जुन्या कथेचे उरलेले अवयव आहेत. कार्टूनसाठी ज्यांनी या पात्रांची शीट केली, त्यांत जपानचे शोहेई कोहारा आणि मूळचे फिलिपिन्सचे फ्लोरो डेरी ही नावे प्रमुख आहेत, त्यांनी हे अवयव काढून टाकले आणि त्या जागी चेहरा आणला.

चेहरा आणला हे मी अक्षरशः म्हणतो आहे. आयर्नहाइड आणि रॅचेट या दोन पात्रांच्या मूळ खेळण्यांना डोकेच नव्हते. गाडीच्या काचेमागे आसनावर चिकटवलेल्या स्टिकरवर चेहऱ्याचा आभास, बस्स. अशा पात्राने पडद्यावर बोलायचे कसे, रागवायचे कसे? कार्टूनने त्यांना खांद्यांवर रीतसर डोके दिले, डोळे दिले, हलणारे ओठ दिले. म्हणजे जे हात कमी करतात तेच हात भरही घालतात, आणि दोन्हींचे माप एकच असते: पात्राला अभिनय करता आला पाहिजे.

कधी कधी कारण चित्रकाराच्या टेबलाबाहेर असते. १९८५ मध्ये जेटफायर नावाचे एक मोठे विमान-रोबोटचे खेळणे याच मालिकेत विकले गेले. त्याचा साचा टाकाटोकू या वेगळ्याच जपानी कंपनीचा आणि मूळ डिझाइन मॅक्रॉस या दुसऱ्याच मालिकेतल्या विमानाचे होते. दुसऱ्याच्या मालकीचा आकार आपल्या कार्टूनमध्ये दाखवणे अडचणीचे होते, म्हणून पडद्यावर ते पात्र स्कायफायर या बदललेल्या नावाने आणि बरेच निराळे रूप घेऊन आले. खेळणे आणि चित्र समोरासमोर ठेवले तर दोघे चुलत भाऊही वाटत नाहीत. उलट गंडाममध्ये घडले. १९७९ च्या या जपानी मालिकेत खेळणी काढणाऱ्या प्रायोजकाच्या आग्रहाने नायकाच्या रोबोटला जोडता येणारे एक रंगीत जोडयान घालण्यात आले होते. मालिकेचे संकलन करून १९८१ पासून चित्रपट काढले तेव्हा दिग्दर्शकाने ते यान काढून टाकले आणि त्या जागी कोअर बूस्टर नावाचे दुसरे, युद्धकथेत शोभणारे विमान घेतले. खेळण्याचे दुकान आणि कथा यांच्यात ओढाताण होते तेव्हा कथेची बाजू घेणाऱ्यांचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

क्षेपणास्त्रांबाबत थोडक्यात. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत एका खेळण्यातल्या यानाचे छोटे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी स्प्रिंगने उडणाऱ्या गोष्टींचा धसकाच घेतला आणि जपानी खेळण्यांतल्या कित्येक स्प्रिंगा अमेरिकेसाठी दुबळ्या केल्या. कार्टूनमध्ये मुलांच्या कार्यक्रमांचे स्वतःचे नियम होते, त्यामुळे पात्रे क्षेपणास्त्रांऐवजी बहुतेक वेळा रंगीत किरण सोडत. सुरक्षिततेच्याच कारणाने असलेल्या खेळण्यावरच्या आणखी काही गोष्टी पडद्यावर कधीच येत नाहीत. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानंतर खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला नारिंगी टोक लागू लागले. ते पोलिसांना खेळणे ओळखू यावे म्हणून आहे, पात्राशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाची सक्ती आहे, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, अशी चाचणी असते. सुरक्षिततेच्या अशा नियमांमुळे खेळण्याची अँटेना जाड आणि बोथट असते, चित्रातली सुईसारखी असू शकते.

खेळण्याच्या टाचेत भोक कशाला, पोटरीच्या मागे स्क्रू कशाला, बगलेत गोल ठसे कसले, हे आपल्याला मुलापेक्षा चांगले कळेल. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली पार्टिंग लाईन, माल बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे ठसे, माल साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार म्हणजे ड्राफ्ट, सांध्यांच्या खिळ्या, पाठीवर लटकणारी चाके. ही सगळी घडवण्याची आणि दुमडण्याची गरज आहे. गाडीचा रोबोट करताना गाडीचे सगळे भाग कुठेतरी लपवावे लागतात, आणि प्लास्टिकला पदार्थविज्ञान सुटत नाही म्हणून ते पाठीवर जमतात. चित्रातला रोबोट उभा राहताना चाके आत सरकतात आणि नाहीशी होतात. एवढे स्वातंत्र्य रेघेला आहे आणि ते घेतलेच पाहिजे.

आजचे बहुतेक काम संगणकावर त्रिमितीत होते, मग आता तरी सगळे तपशील का ठेवत नाहीत, असे पालक वर्गात हमखास विचारतात. इथे साचा परत आला आहे हे खरे. मॉडेल एकदा घडवले की प्रत्येक फ्रेममध्ये ते आपोआप येते. पण मॉडेल हलवायचे तर त्याला रिग, म्हणजे आतला सांगाडा, लागतो, आणि प्रत्येक सुटा भाग त्या सांगाड्याला बांधावा लागतो. गुडघा वाकला की पोटरीवरचा पत्रा मांडीत घुसतो, हात वर गेला की खांद्यावरची नळी गालातून आरपार जाते, आणि असे प्रत्येक घुसणे कुणीतरी शॉट उघडून हाताने सोडवते. खेळण्याच्या कारखान्यातून येणारी संगणकीय फाइलही जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात स्क्रूचे आटेसुद्धा असतात, आणि ती हलवण्यासाठी पृष्ठभाग पुन्हा नव्याने विणावा लागतो. २००७ च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात ऑप्टिमस प्राइम या नायक रोबोटचे १०,१०८ सुटे भाग होते असे ते घडवणाऱ्यांनी सांगितले आहे. तिथे प्रचंड पैसा होता, अडीच तासांच्या आतला एकच चित्रपट होता, आणि खऱ्या रस्त्यावर खऱ्या माणसांशेजारी तो उभा राहायचा होता. गंमत अशी की त्या वेळी बाजू पालटली: दहा हजार भागांचे खेळणे कुणी करू शकत नाही, म्हणून या खेपेला तपशील खेळण्यानेच गाळले.

सगळे गाळणे योग्यच असते असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्यासमोर अशी शीट आली आहेत ज्यांत पात्राची ओळखच पुसली गेली होती: पाच पात्रांना एकच धड आणि फक्त रंग वेगळे, कारण तसे केल्याने रिग एकच लागत होता. मुलाने ज्या खेळण्याच्या एखाद्या शिंगामुळे, एखाद्या मोडक्या हातामुळे त्याच्यावर जीव लावलेला असतो, ते शिंग पडद्यावर नसले की त्याला लागते, आणि त्याचे लागणे रास्त असते. मी स्वतः शीट करताना पात्र पूर्ण काळे रंगवून नुसती सावली पाहतो. सावलीत जे उरते ते गाळायचे नाही. सावलीच्या आत जे हरवते त्याचा एकेक करून विचार करायचा. शिंग सावलीत दिसते, स्टिकर दिसत नाही.

आता मुलाने काय पाहून काढावे. खेळणे पाहूनच काढावे. कार्टून पाहून काढले तर दुसऱ्याने आधीच घेतलेले निर्णय तो फक्त गिरवेल. खेळणे टेबलावर ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, आणि त्याला ते चार बाजूंनी काढायला सांगा: समोरून, बाजूने, मागून आणि तिरके. खुर्ची, चाके, स्क्रू, सगळे काढू द्या. आपण पॅटर्नसाठी जसे माप घेता तसे त्याला माप घ्यायला शिकवा, डोक्याची उंची एक धरली तर पाय किती डोक्यांचा. या कामाला त्याला एक आठवडा लागला तरी हरकत नाही. मग पातळ कागद घेऊन, काचेखाली बल्ब लावून घरच्या घरी लाईट बॉक्स करा आणि तेच चित्र फक्त चाळीस रेघांत पुन्हा काढायला सांगा. मग पंचवीस रेघांत. प्रत्येक वेळी कोणती रेघ काढली आणि का, हे त्याने आपल्याला तोंडाने सांगायचे. पंचवीस रेघांचे चित्र झाले की वहीच्या कोपऱ्यात त्याची बारा चित्रे काढून पाने भराभर सोडा. एक हात वर नेणे एवढीच हालचाल पुरे.

तो खुर्ची ठेवतो की काढतो, हे मला जरूर कळवा. ठेवली तर त्यात कोण बसते, हेही त्याला विचारा.